हवावाल्याचं जॅकेट

त्याला सगळे हवावाला म्हणत. तो काही सायकलींच्या चाकांत हवा भरत नव्हता. छातीचा भाता थकलेल्या माणसांच्या उशाशी एक मशीन घरघरत असतं. ते खोलीतली हवा ओढून घेतं आणि तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीवाटे नाकापर्यंत पोचवतं. त्या मशिनांची देखभाल करणं हे त्याचं काम. जाळ्या साफ करायच्या, फिल्टर बदलायचे, नळीतून येणारा ऑक्सिजन पुरेसा आहे ना हे एका छोट्या यंत्रावर मोजायचं, आणि मशीन रुसलंच तर त्याची समजूत काढायची. कंपनीच्या कागदावर त्याच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं. पण ज्याला श्वास पुरत नाही तो एवढं लांब नाव कुठून घेणार? हवावाला म्हटलं की भागायचं.

वय पन्नाशीला टेकलेलं, अंग सडपातळ, बोलणं बेताचं. त्याच्या पेशंटांपैकी निम्मे खाली नदीकाठच्या शहरात राहत आणि निम्मे वर पठारावर. पठारावर पूर्वी मोठी दगडखाण होती. खाण बंद पडली, पण तिची धूळ माणसांच्या छातीत राहिली. त्यामुळे वरच्या वस्त्यांमध्ये दर चार घरांआड एक मशीन घरघरत असे. शहर आणि पठार यांच्यामध्ये घाट. खालून निघताना शर्ट पाठीला चिकटायचा, घाटाच्या मध्यावर धुकं लागायचं, वरच्या वळणांवर पाऊस गाठायचा आणि पठारावर पोचलं की कान कापून नेईल असा वारा. हे सगळं एकाच दुपारी. कंपनीची व्हॅन होती, पण वरच्या गल्ल्यांमध्ये ती तोंड घालायची आणि अडकून बसायची. मोटारसायकल कुठेही शिरते. तेव्हा मागच्या पेटीत सामान भरायचं आणि निघायचं.

या सगळ्या हवामानासाठी त्याच्याकडे एक स्वेटर होता, एक पातळ विंडचीटर आणि एक प्लास्टिकचा रेनकोट. शिवाय वर्तमानपत्र. घडी करून शर्टाच्या आत छातीवर ठेवलं की वारा आत येत नाही, असं त्याचे वडील करायचे म्हणून तोही करायचा. हवा बदलली की गाडी कडेला लावायची, एक काढायचं, दुसरं चढवायचं. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलपंप होता. तिथली पंपावरची बाई त्याला लांबूनच हाक मारायची, "आला का नट! आज कोणता अंक?" तोही हसायचा. कपड्यांचा जास्त विचार करणं हे त्याला नखऱ्याचं वाटायचं. लोकांना मशीन चालू झाल्याशी मतलब, आपण काय घातलंय याचं कोणाला काय पडलंय, असं त्याचं म्हणणं.

हे म्हणणं एक दिवस अंगाशी आलं.

शरद ऋतूचे दिवस होते. सकाळी ऊन असं स्वच्छ की कपडे दोरीवर टाकेपर्यंत वाळावेत. पठारावरून फोन आला. खाणीत आयुष्यभर सुरुंग लावलेले एक आजोबा होते, सगळे त्यांना सुरुंगआजोबा म्हणत. त्यांचं मशीन पहाटेपासून शिट्ट्या मारत होतं. सून म्हणाली, "भाऊ, सध्या सिलेंडरवर ठेवलंय त्यांना. पण काटा खाली चाललाय."

त्याने ओळखलं, कॉम्प्रेसर गेला. नवा कॉम्प्रेसर पेटीत ठेवला तर स्वेटरला जागा उरेना. त्याने बाहेर ऊन बघितलं आणि स्वेटर घरी ठेवला.

घाटाच्या मध्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग धुकं आलं आणि धुक्याच्या मागोमाग पाऊस. साधा नाही, सुयांसारखा तिरपा आणि गार. त्याने घाईघाईने रेनकोटाची पँट चढवली तर ती बरोबर नको तिथे फाटली. आता मागे फिरावं तर वर काटा खाली चाललेला. तो तसाच पुढे गेला. छातीवरच्या वर्तमानपत्राचा लगदा झाला. पठारावर वाऱ्याने उरलेलं काम केलं.

आजोबांच्या दारात तो उतरला तेव्हा त्याचे दात एवढे वाजत होते की सुनेला त्याचं बोलणंच कळेना. तो थेट मशीनपाशी बसला. मागचं झाकण कसंबसं उघडलं. आत कॉम्प्रेसर धरून ठेवणारे बारीक स्क्रू असतात. एरवी ते तो डोळे मिटून काढत असे. पण बोटांना स्क्रूड्रायव्हर लागतोय की नाही हेच समजेना. पहिला स्क्रू निसटून कपाटाखाली गेला. दुसरा हातातच राहिला, पण तो हातात आहे हे त्याला बघूनच कळलं.

आजोबा पलंगावर उशीला टेकून बघत होते. दोन श्वासांच्या मध्ये थांबत ते म्हणाले, "अरे हवावाल्या... मला हवा द्यायला आलायस... का माझी न्यायला?"

सूनबाईने विनोदाकडे लक्ष दिलं नाही. तिने कोमट पाण्याचं भांडं आणून त्याचे दोन्ही हात त्यात बुडवले, सासऱ्यांची लोकरी शाल त्याच्या खांद्यांवर टाकली आणि दरडावून सांगितलं, "हात गरम होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही." सिलेंडरचा काटा तांबड्या पट्टीकडे सरकत होता. तो पाण्यात हात घालून बसला होता, एखाद्या शाळकरी पोरासारखा. इतक्या वर्षांत त्याला असं कधी वाटलं नव्हतं. घरात एक आजारी आणि एक मदतीला आलेला असं असायला हवं. इथे दोन आजारी झाले होते.

बोटं परत जिवंत झाली, कॉम्प्रेसर बसला, मशीन घरघरायला लागलं आणि आजोबांच्या ओठांचा निळसरपणा गेला. पण खाली येईपर्यंत त्याच्या अंगात ताप भरला. छातीत कफ झाला. आठवडाभर तो अंथरुणाला खिळून होता आणि त्याच्या वाट्याच्या फेऱ्या दुसऱ्या शहरातून आलेला एक सहकारी घाट शोधत, चुकत, करत होता.

त्याची बायको मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला होती. तिथल्या चादरी, डॉक्टरांचे कोट, पडदे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. ती चिडली की बोलत नसे, घड्या घालत असे. त्या आठवड्यात घरातल्या यच्चयावत कपड्यांच्या घड्या झाल्या. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या त्या मशिनांना धुळीची जाळी असते, पाण्याची बाटली असते, काही बिघडलं तर शिट्टी असते. तुम्हाला काय आहे? पेपर!"

त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं.

ही बातमी मेहुण्याच्या कानावर गेली आणि मेहुणा धावून आला. हा बायकोचा मोठा भाऊ. मनाने मोठा, आवाजानेही. येताना त्याने स्वतःचं तरुणपणीचं चामड्याचं जॅकेट आणलं. काळं, जाड, खांद्यांवर बकलं.

"घाला भावोजी! असलं चामडं आता मिळत नाही."

त्याने घातलं. खांदे त्याच्या खांद्यांच्या बरेच पुढे जाऊन थांबले. बायको मागून आरशात बघत होती, तिने तोंडावर हात धरला.

"कसं दिसतंय?" त्याने विचारलं.

"सोफ्यासारखं," ती म्हणाली.

पण दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणणार? तो ते घालून जाऊ लागला. खाली शहरात सिग्नलला उभं राहिलं की आतून उकडलेल्या बटाट्यासारखी गत व्हायची. वर पठारावर वारा अडायचा, हे खरं. पण घाटात पाऊस लागला की चामडं पाणी प्यायचं आणि मग ते अंगावर घेऊन चालणं म्हणजे वासरू खांद्यावर घेऊन चालणं. वाळायला दोन दिवस लागायचे आणि त्या दोन दिवसांत घरभर ओल्या जनावराचा वास. पेशंटच्या खोलीत जायच्या आधी त्याला ते बाहेर खुंटीवर टांगावं लागे, कारण आत नेलं तर धडधाकट माणसाचाही श्वास अडकला असता.

"दादाला वाईट वाटेल," तो म्हणायचा.

"तो माझा भाऊ आहे, त्याचं मी बघते," बायको म्हणाली. "रविवारी दुकानात जायचं. आणि मी येणार आहे."

दुकान बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर होतं. हेल्मेटं, हातमोजे, बूट, आणि एका भिंतीवर नुसती जॅकेटं. दुकानवाली बाई पन्नाशीच्या आसपासची, केस आखूड कापलेले. तिने त्याला कोणतं हवं असं विचारलंच नाही. विचारलं ते हे, "कुठून कुठे जाता? आणि वाटेत काय काय लागतं?"

हा प्रश्न त्याला आवडला. हा त्याच्या धंद्यातला प्रश्न होता. तोही पेशंटला आधी झोप कशी लागते हेच विचारायचा. त्याने घाट सांगितला, धुकं सांगितलं, पठार सांगितलं. बायकोने ताप सांगितला.

बाईने आधी एक जाळीचं जॅकेट काढलं. हलकं, वारा आरपार जाणारं. "हे खाली शहरात उत्तम. पण वर नेलंत तर परत ताप." मग एक जाडजूड हिवाळी. "हे पठारावर उत्तम. खाली मात्र..."

"खाली बटाटा," तो म्हणाला. "कळलं."

मग तिने तिसरं काढलं. वरचं कापड जाड आणि चिवट, छातीवर आणि पाठीवर हवा घ्यायला चेन असलेल्या खिडक्या, आत एक ऊबदार अस्तर आणि एक पाणी न शिरणारं अस्तर, दोन्ही चेनने काढता-घालता येणारी. कोपरांना, खांद्यांना आणि पाठीला गाद्या. त्याला ते बघताक्षणी पटलं. खिडक्या उघडल्या की उन्हाळा, मिटल्या की हिवाळा. मशीनच जणू. तो हे घेऊया म्हणणार एवढ्यात बायको पुढे झाली. तिने अस्तर दोन बोटांत धरून चोळलं, शिवण उलटून बघितली आणि विचारलं, "ताई, हे पावसाचं अस्तर आतून लागतं ना?"

"हो."

"म्हणजे घाटात पाऊस आला की यांनी आधी भिजत जॅकेट काढायचं, अस्तर लावायचं आणि मग परत घालायचं? आणि वरचं कापड पाणी पिणार ते वेगळंच. ओलं कापड वाऱ्यात अंगावर म्हणजे काय होतं ते मी रोज बघते. आमच्याकडे चादरी अशाच गार पडतात."

दुकानवाली बाई हसली. "बरोबर आहे. पुष्कळ लोक घरी गेल्यावर हे शिकतात." तिने आतून दुसरं एक आणलं. बेत तोच, फक्त पावसाचा थर वेगळा. तो वरून चढवायचा, ढगळ, पातळ, घडी केली की जॅकेटच्या मागच्या खिशात मावणारा. पाऊस आला की काही काढायचं नाही, फक्त वर घालायचं.

"आता बसा," बाई म्हणाली.

"कुठे?"

दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनी मोटारसायकल उभी होती. तो बसला. आरशासमोर उभं असताना अगदी बेताचं वाटलेलं जॅकेट हात पुढे करताच मनगटावरून वर सरकलं आणि कमरेवर मागे फट पडली. वाऱ्याला एवढी फट पुरते. बाईने एक माप मोठं दिलं. आता हात झाकले, पण कोपराची गादी कोपराला सोडून बाजूला फिरायला लागली. बाई म्हणाली, "पडलात तर गादी एकीकडे आणि हाड दुसरीकडे." मग दंडावरचे आणि कमरेचे पट्टे ओढून तिने ते अंगाबरोबर आणलं. आत ऊबदार अस्तर लावून बघितलं, काढून बघितलं. त्याने खिशातून ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढलं आणि एक एक खिसा तपासू लागला.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"हे गारठलं की आकडे चुकवतं. अंगाजवळचा खिसा पाहिजे." डाव्या बाजूला आतून एक खिसा निघाला, त्यात ते नेमकं बसलं. त्याचा चेहरा एवढा उजळला की बाईला वाटलं खरेदी झाली. पण रंगावर गाडी अडली. त्याला काळा हवा होता, मळ दिसत नाही म्हणून. बायकोने फिकट राखाडी उचलला होता, पाठीवर आणि बाह्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या असलेला.

"हा मळेल गं."

"मळू दे, धुवायला मी आहे. धुक्यात तुम्ही मला नाही दिसलात तरी चालेल, ट्रकवाल्याला दिसायला हवात."

राखाडी घेतलं.

मेहुण्याचं जॅकेट तिने स्वतः परत नेऊन दिलं. काय सांगितलं ते कोणालाच कळलं नाही, पण पुढच्या वेळी मेहुणा आला तेव्हा थोडा वेळ फुगून बसला, मग राखाडी जॅकेट घालून आरशात बघितलं आणि म्हणाला, "वजन काहीच नाही की हो याला. हे जॅकेट आहे का हवा?" एवढं बोलून त्याचा राग ओसरला.

हिवाळाभर ते जॅकेट चाललं. पहिले काही दिवस तो खिडक्या विसरायचा. घाटात छाती गार पडली की आठवायचं. मग हाताला सवय लागली. पायथ्याशी खिडक्या मिटायच्या, धुकं दिसलं की पावसाचा थर चढवायचा, वर पोचल्यावर पेशंटच्या दारात तो झटकून टांगायचा आणि कोरड्या हातांनी आत जायचं. पंपावरच्या बाईची मात्र करमणूक बुडाली. "एकाच वेशात सगळं नाटक? मजा नाही," ती म्हणाली.

हिवाळा सरताना, घाटातल्या झाडांची कुजलेली पानं रस्त्यावर चिकटून बसली होती तेव्हा, एका उजव्या वळणावर त्याचं पुढचं चाक घसरलं. गाडी आडवी झाली आणि तो उजव्या खांद्यावर पडून रस्त्यावरून घसरत गेला. घसरताना त्याला स्वच्छ ऐकू येत होतं, कापड रस्त्यावर फरफटल्याचा आवाज. आणि आता कातडी लागेल, आता लागेल, असं वाटत होतं. ती लागली नाही. तो थांबला. धुक्यातून एक ट्रक वर येत होता. तो करकचून ब्रेक मारत बराच अलीकडे थांबला. ड्रायव्हर खाली उतरून धावत आला.

"माणूस आहे होय! मला वाटलं रस्त्याचा बोर्ड पडलाय. काहीतरी चमकलं म्हणून ब्रेक मारला. लागलं का?"

त्याने हात हलवून बघितले, मान वळवून बघितली. गुडघा खरचटला होता, खांदा ठणकत होता. जॅकेटचं उजवं कोपर गादीपर्यंत फाटलं होतं. गादीवर खोल चरे होते. त्याखालचं कोपर त्याने चाचपलं, शाबूत होतं. ड्रायव्हरने त्याला ट्रकच्या पायरीवर बसवलं, गरम चहा पाजला आणि वाकडा झालेला ब्रेक पायाने दाबून जागेवर आणला.

त्या दिवशी त्याच्या फेरीत सुरुंगआजोबा होतेच. तो हळूहळू गाडी चालवत गेला, फिल्टर बदलला, ऑक्सिजन मोजला. आजोबांनी फाटलेलं कोपर बघितलं, पण थट्टा केली नाही. उलट त्याला जवळ बोलावून त्या चिरलेल्या गादीवरून बोट फिरवलं.

"आमच्या वेळी... डोक्यावर टोपी पण नसायची," ते म्हणाले. मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "घरी सांग. लपवू नको."

तो लपवणारच होता. पण ज्या बाईच्या हाताखालून हजार कपडे जातात तिच्यापासून फाटकी बाही कशी लपवणार? तरी त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, किंवा घड्या घालायला घेईल. तिने तसलं काही केलं नाही. जॅकेट मांडीवर घेऊन ती फाटलेल्या जागेतून गादी बाहेर काढून बघत बसली. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"एवढी वर्षं तुम्ही जाता, आणि तो रस्ता मी एकदाही बघितला नाही," ती म्हणाली. "मला न्या."

"तिथे बघण्यासारखं काही नाही गं. वारा आहे नुसता."

"मग वारा बघीन."

बॅगा शिवणाऱ्याकडून तिने कोपराला जाड कापडाचा तुकडा लावून घेतला आणि दुकानातून नवी गादी आणली. त्या रविवारी दोघं निघाले. मागची पेटी काढून तिच्यासाठी जागा केली होती. तिने स्वतःच्या कोटाखाली त्याचं ऊबदार अस्तर घातलं होतं, कारण त्या दिवशी खाली ऊन होतं आणि त्याला ते नको होतं. वर गेल्यावर ते कोणाला हवं होतं हे दोघांनाही कळलं, पण तिने ते काढून दिलं नाही आणि त्याने मागितलं नाही.

आजोबांच्या घरी सूनबाईने तिला खुर्ची दिली. दोघी लगेच बोलायला लागल्या, डाग कसे काढायचे आणि लोकर कशी धुवायची यावर. तो सवयीने मशीनपाशी गुडघ्यावर बसला. स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणाला टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून आत काय चाललंय ते ऐकू लागला. बायको बोलता बोलता थांबली. नवऱ्याला तिने जेवताना, झोपताना, तापात, भांडताना बघितलं होतं. काम करताना आज पहिल्यांदा बघत होती. त्या खोलीत सगळेच जणू तो काय ऐकतोय याची वाट बघत होते.

"ठीक आहे," तो डोळे उघडून म्हणाला. "अजून दोन हिवाळे काढील."

"मशीन... का मी?" आजोबांनी विचारलं.

"दोघंही. जाळी वेळेवर धुतलीत तर."

परतताना घाटात पाऊस नव्हता, धुकंही नव्हतं. दरी पार खालपर्यंत दिसत होती. घरी आल्यावर तिने चहाचं आधण ठेवलं, अस्तर झटकून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि आतूनच विचारलं, "खाणीच्या पलीकडे आणखी एक वस्ती दिसली वर. तिथे कोणाकडे जाता?"

"तिथे दोन बहिणी आहेत. धाकटीला मशीन आहे, आणि थोरली तिला बोलू देत नाही."

"पुढच्या रविवारी तिकडे," ती म्हणाली.